काय काढू, साहेब?

संशोधन केंद्रातले लोक तिला पाठीमागे शंकाबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिला त्याचं काही वाटत नसे. आपल्या धंद्यात शंका घेणारं एक तरी माणूस हवं, नाहीतर धंदा बुडेल, असं तिचं स्पष्ट मत होतं. गेली एकोणीस वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. ज्या मुलाला जन्मापासून हात हलवता येत नाही, रांगता येत नाही, बोलता येत नाही, त्याच्या मेंदूची वाढ कशी होते? बाकीची मुलं वस्तू तोंडात घालून, फेकून, फोडून आणि त्याबद्दल ओरडा खाऊन जग शिकतात. ज्याच्या नशिबी यातला ओरडाही नाही, त्याला जग कितपत कळतं?

घरच्यांना विचारलं तर ते एका सुरात सांगत, "त्याला सगळं कळतं हो." आणि घरच्यांवर विश्वास ठेवायचा नाही हा शंकाबाईंचा पहिला नियम होता. त्यात दुष्टपणा नव्हता. उमेदवारीच्या काळात एका आईच्या शब्दावर तिनं एका मुलाला सगळं समजतं असं लिहून दिलं होतं. पुढे लक्षात आलं की आईच नकळत मान वळवून त्याला उत्तरं सुचवत होती. ते पोर वर्षभर न झेपणाऱ्या वर्गात बसून रडलं. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला.

त्या खड्यातूनच तिची चाचणी उभी राहिली. राखाडी भिंतींची एक लहान खोली. पडद्यावर दोन चित्रं, समजा कप आणि बूट. आवाज विचारतो, "कप कुठे आहे?" पडद्याखालचा कॅमेरा मुलाची नजर कुठे आणि किती वेळ थांबते ते टिपतो. असे चोवीस प्रश्न. काहीच न समजता इकडेतिकडे पाहिलं तरी बाराएक उत्तरं बरोबर येतात, म्हणून पास होण्याची रेघ सतरावर. आत घरचं एकच माणूस, तेही मुलाच्या मागे बसणार, डोळ्यांवर काळी झापडं आणि कानांत धबधब्याचा आवाज. बाकीच्या नातेवाइकांनी दोन दारांपलीकडच्या बाकावर बसायचं. देव आला असता तरी बाईंनी त्याला बाकावर बसवलं असतं.

त्या बुधवारी बाकावर एक आत्या बसली होती.

भाची आत होती. साडेआठ वर्षांची, चाकाच्या खुर्चीत मानेला, कमरेला आणि पावलांना पट्टे लावलेली. जन्मताना काही मिनिटं मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि मेंदूचा पक्षाघात झाला. हातपाय तिचं ऐकत नसत, जीभ ऐकत नसे, मानही मनाला येईल तेव्हाच ऐके. डोळे मात्र लखलखीत. घरात तिला साहेब म्हणत, कारण घर तिच्या वेळापत्रकावर चाले. "साहेब उठल्या", "साहेबांचं पोट बिघडलंय", "आधी साहेबांना विचारा." परक्या माणसाला ऐकून वाटे की घरात कुणी निवृत्त अधिकारी बाई राहतात.

दोन वर्षांपूर्वी साहेब याच खोलीत येऊन नापास झाल्या होत्या. शंकाबाईंनी अहवालावर सही केली होती: शब्दांचं आकलन असल्याचा पुरावा आढळला नाही. त्या एका ओळीमुळे डोळ्यांनी संवाद करायला शिकवणाऱ्या शाळेचं दार साहेबांना बंद झालं आणि साहेब सांभाळणूक केंद्रात गेल्या. तिथे त्यांना वेळेवर पुसत, कूस बदलून देत, आणि खिडकीशी ठेवत. तिथे शिकवत कुणी नव्हतं. आता शाळेत अचानक एक जागा रिकामी झाली होती आणि मुख्याध्यापिकेनं ती शुक्रवारपर्यंत अडवून धरली होती. नवा अहवाल चांगला आला तर जागा साहेबांची. नाही आला तर पुढचं मूल रांगेत होतंच, आणि नवव्या वर्षानंतर त्या वर्गात कुणालाच घेत नसत.

चाचणी संपली. कॅमेरा सांभाळणारे काका, जे आणखी चार महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि तोवर आपल्याकडून एकही चूक होऊ नये म्हणून प्रत्येक बटण दोनदा तपासत, त्यांनी कागद आणून दिला. कागदावर एकच ओळ छापलेली असे. रेघ ओलांडली, किंवा ओलांडली नाही.

"नाही ओलांडली," काका म्हणाले. "गेल्या वेळेसारखंच."

शंकाबाईंना वाईट वाटलं. लोकांना वाटे हिला काही वाटत नाही, पण तिला दर वेळी वाटे, आणि दर वेळी ती निकाल स्वतः जाऊन सांगे. तिनं साहेबांच्या फायलीतला घरच्यांनी भरलेला फॉर्म पुन्हा एकदा चाळला. "हवी ती वस्तू मूल नजरेनं दाखवतं का?" या प्रश्नापुढे आईनं लिहिलं होतं, "नाही." दोन वर्षांपूर्वीही तेच. आईच नाही म्हणते तर आणखी काय राहिलं, असं मनाशी म्हणत ती बाहेर आली.

बाकावर आई हात मांडीवर ठेवून बसली होती. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करी. आज अर्धी रजा टाकून आली होती. डोळ्यांभोवती झापडांचे वळ अजून गेले नव्हते. साहेबांची खुर्ची आत्याच्या पुढ्यात होती आणि आत्या साहेबांना भरवायच्या तयारीत होती. एका हातात कुस्करलेल्या केळ्याची वाटी, दुसऱ्या हातात उकडलेल्या बटाट्याची.

"केळं देऊ?" आत्यानं विचारलं आणि दोन्ही वाट्या डोळ्यांच्या उंचीवर धरल्या.

साहेबांची नजर हळूहळू सरकली आणि बटाट्यावर जाऊन थांबली. आत्यानं बटाट्याची वाटी झाकण लावून पिशवीत टाकली आणि केळ्याचा चमचा पुढे केला.

शंकाबाईंच्या कपाळावर आठी चढली. निकाल सांगायला आलेली बाई ते विसरली.

"ती बटाट्याकडे बघत होती," ती म्हणाली.

"हो ना," आत्या म्हणाली. "म्हणून तर ठेवून दिला."

"अहो, तिनं बटाटा मागितला आणि तुम्ही केळं देताय."

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण बस समोर उभी असताना बस कधी येते असं विचारणाऱ्याकडे पाहतो. "मॅडम, साहेब हवं ते बघत नाहीत. नको ते बघतात. बघितलं की आपण ते उचलायचं. आमच्याकडे असंच आहे."

"असंच म्हणजे?"

"ती तीन वर्षांची होती तेव्हा एकदा जबरदस्तीनं खीर भरवली. तिला नको होती, पण सांगणार कशी? खीर गेली श्वासनळीत. तीन आठवडे दवाखान्यात होती, वाचते की नाही अशी. मी तेव्हाच ठरवलं. हवं ते चुकलं तर नुसता रुसवा, नको ते गेलं तर दवाखाना. म्हणून आधी नको ते काढायचं. मी एकाचं नाव घेते. ते चालणार असेल तर ती दुसऱ्याकडे बघते, मी दुसरं काढते. नाव घेतलेलंच नको असलं तर त्याच्याकडेच बघते. काय काढू, साहेब, असं विचारायचं, बस."

साहेबांनी चमचाभर केळं गिळलं. सगळ्यांनी सवयीनं श्वास रोखून धरला होता, तो सोडला.

"माणसांचंही तेच," आत्या बोलत सुटली, कारण दोन तास बाकावर एकटं बसून तिचं तोंड शिवशिवत होतं. "वहिनीचे एक काका येऊन त्यांच्या मूतखड्याची गोष्ट सांगायचे. दीड दीड तास. साहेबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. काका खूश, म्हणे पोरीला माझं बोलणं फार आवडतं. शेवटी दादानं त्यांना हाताला धरून चहाला बाहेर नेलं."

आई ओशाळून हसली. "ताई, पुरे."

शंकाबाई हसली नाही. तिच्या हातातला कागद हातातच राहिला होता. "हे तुम्ही फॉर्ममध्ये का लिहिलं नाही?" तिनं आईला विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं.

"फॉर्ममध्ये विचारलं होतं, हवं ते दाखवते का," आई म्हणाली. "मी खरं ते लिहिलं. हवं ते नाही दाखवत."

शंकाबाई वळली आणि तरातरा दोन्ही दारं ओलांडून आत गेली. काका चहाचा कप तोंडाला लावत होते. तो त्यांना खाली ठेवावा लागला.

"चोवीसपैकी किती?"

"काय किती?"

"कागदावरची ओळ नको. आकडा सांगा. बरोबर उत्तरं किती?"

काकांनी चष्मा सावरून पडद्यावर दोनदा पाहिलं. "दोन."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

बराच वेळ कळा दाबल्याचा आवाज आला. "चार."

शंकाबाई खुर्चीत बसली. काहीच न कळणाऱ्या मुलाचे बारा यायला हवेत. अकरा येतील, तेरा येतील. नाणं चोवीसदा उडवलं आणि बावीसदा काटाच पडला, तर कुणीही शहाणा माणूस म्हणेल की नाण्यात काहीतरी आहे. चोवीसपैकी दोन आणायला प्रत्येक शब्द कळावा लागतो. कप कुठे आहे असं विचारल्यावर साहेबांनी बुटाकडे पाहिलं होतं, म्हणजे कप चालेल, बूट काढा. चमचा कुठे आहे म्हटल्यावर कंगव्याकडे पाहिलं होतं. आणि यंत्र आकडा रेघेच्या वर आहे की नाही एवढंच सांगत होतं. रेघेच्या खाली पाहण्याची कुणाला कधी गरज वाटली नव्हती. इतरांची गोष्ट सोडा, रेघ आखली होती तिनंच.

मग तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली. पोरगी कप चालेल, बूट काढा असं सांगत होती, आणि बूट कुणी काढत नव्हतं. पुढचं चित्र यायचं. तिथेही ती सांगायची, तिथेही कुणी काही उचलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी वीसदा आणि आज बावीसदा तिनं सांगितलं आणि एकदाही कुणी ऐकलं नाही, तरी ती शेवटच्या चित्रापर्यंत सांगत राहिली होती. आणि जी बाई हे एका वाक्यात समजावू शकली असती, तिला दोन दारांपलीकडे बसवून ठेवलं होतं.

"मग निकाल उलटा लावायचा का?" काकांनी हळूच विचारलं. "शुक्रवारचं काम आहे."

मोह मोठा होता. पण शंकाबाई शेवटी शंकाबाईच. "नाही. हवा तसा निकाल आला नाही की मागाहून अर्थ फिरवायचा, असं दुसऱ्या कुणी केलं तर मी त्याची सालटी काढते. उद्या पुन्हा चाचणी घ्यायची. नवी चित्रं, तिनं कधी न पाहिलेली. घरच्या पद्धतीनं. आणि आपल्याला काय दिसेल असं वाटतं ते मी आज लिहून पाकिटात बंद करून तुमच्याकडे देते. तसं दिसलं नाही तर नाही."

"सहा महिन्यांच्या आत दुसरी चाचणी नाही असा नियम आहे, मॅडम. तुमचाच."

"माझा आहे म्हणून तर मला मोडता येईल. कारण लिहून मोडीन."

ते कारण लिहिणं तिला जड गेलं. पहिल्या अहवालात चूक झाली, ती मुलीची नव्हती, चाचणी घेणारीची होती, हे वाक्य तिनं चार वेळा लिहिलं. तीन वेळा ते आपोआप लांबलचक आणि गुळगुळीत झालं. चौथ्यांदा तिनं ते आखूड केलं आणि तसंच ठेवलं.

गुरुवारी सकाळी साहेब पुन्हा आल्या. आई कारखान्यातून फोनवर ओरडा खाऊन आली होती. शंकाबाईंनी आत्याचा आवाज आधीच्या संध्याकाळी ध्वनिमुद्रित करून घेतला होता, कारण प्रत्यक्ष आत्याला आत घेणं अजूनही तिच्या नियमात बसत नव्हतं. आत्यानं चोवीस वाक्यं म्हणायला पाऊण तास लावला आणि दर वाक्यानंतर विचारलं, "जमलं का?" काकांनी यंत्रात एक बदल केला होता. साहेब ज्या चित्राकडे बघतील ते चित्र पडद्यावरून जाणार होतं, मग ते बरोबर असो की चूक.

आई झापडं आणि धबधबा लावून मागे बसली. शंकाबाई आणि काका काचेपलीकडे उभे राहिले. पडद्यावर एक कुलूप आणि एक छत्री आली.

"छत्री ठेवू?" आत्याचा आवाज म्हणाला. "काय काढू, साहेब?"

आवाज कुठून आला ते शोधायला साहेबांची नजर खोलीभर फिरली. दाराकडे गेली, छताकडे गेली. मान एकदा पट्ट्यात अडखळली. मग नजर पडद्यावर आली, सावकाश, आणि कुलपावर थांबली.

कुलूप गेलं.

साहेबांच्या घशातून तेल न घातलेल्या बिजागरीसारखा एक आवाज आला. काकांना वाटलं ठसका लागला आणि ते दाराकडे धावणार होते, पण शंकाबाईंनी त्यांची बाही धरली. पोरगी हसत होती. खुर्चीच्या पट्ट्यांमध्ये तिचं सगळं अंग ताठ होऊन हसत होतं. मागे बसलेल्या आईला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं, पण खुर्ची हलल्याचं तिच्या गुडघ्याला कळलं आणि ती झापडांखाली रडायला लागली.

चोवीसपैकी तेवीस. काकांनी दोनदा मोजले, मग पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, "वीसच्या वर."

"एक कुठे चुकलं?" शंकाबाईंनी विचारलं. सवय कुठे जाते?

"सतरावं. इंजेक्शन आणि पतंग. आवाज म्हणतो, इंजेक्शन ठेवू? तिनं इंजेक्शनकडेच बघितलं. पूर्ण चार सेकंद."

शंकाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "हे चूक धरायचं?"

"नियमानं चूकच," काका म्हणाले. "पण मला विचाराल तर त्या खोलीत शहाणी ती एकटीच होती."

अहवालात तिनं तेवीसच लिहिलं, आणि खाली सतराव्या प्रश्नावर एक टीप जोडली. मुख्याध्यापिकेला फोन करून सांगितलं की जागा ठेवा, कागद दुपारपर्यंत पोचतो. शाळेचं यंत्रही आधी साहेबांच्या पद्धतीनं लावावं, मग हळूहळू हवं ते बघायला शिकवता येईल, घाई नको, असंही सांगितलं. मग ती खोलीत गेली. आत्या एव्हाना आत आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही.

शंकाबाई साहेबांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली, डोळे समोरासमोर येतील अशी. एकोणीस वर्षांत ती मुलांशी फारशी बोलली नव्हती. बोलायचं काम आवाज करी, आणि ती काचेपलीकडे असे.

"तू दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मला ऐकू आलं नाही. चूक माझी होती. त्यामुळे तुझी दोन वर्षं खिडकीशी गेली. ती मला परत देता येणार नाहीत. आता शाळा मिळेल. तिथे शिकवतील." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. तिनं चाचणी कशी बनवली ते सांगितलं, रेघ सतरावर का आखली ते सांगितलं, उमेदवारीच्या काळातल्या त्या रडणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं, जे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. साहेब तिच्याकडे एकटक बघत होत्या. पापणी लवत नव्हती. शंकाबाईंना वाटलं, किती मन लावून ऐकते आहे.

आई चुळबुळली. आत्यानं पदराशी चाळा केला, वहिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"मॅडम," ती शेवटी अवघडून म्हणाली. "रागावू नका. पण साहेब तुमच्याकडे बघतायत."

शंकाबाई बोलता बोलता थांबली. तिनं त्या लखलखीत डोळ्यांकडे पाहिलं. ते तिच्यावरून हलत नव्हते.

"कळलं," ती म्हणाली.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, दार उघडलं, आणि निमूटपणे बाहेर गेली. तिच्या पाठीमागे तो बिजागरीचा आवाज बराच वेळ येत राहिला. दोन दारांपलीकडच्या बाकावर ती बसली, मांडीवर अहवाल ठेवला आणि सही केली.